ब्राउझरमधला डेस्कटॉप वारंवार तुटतो तेव्हा आधी घड्याळ पाहावे

ब्राउझरच्या टॅबमध्ये चालणारा आभासी डेस्कटॉप वापरणाऱ्यांची एक तक्रार सारखी ऐकू येते. लॉगिन व्यवस्थित होते, डेस्कटॉप उघडतो, लेखनाचे किंवा हिशेबाचे काम सुरू होते आणि मग कधीतरी चित्र गोठते, मधोमध संपर्क तुटल्याची पाटी येते किंवा टॅब नुसता पांढरा पडतो. पुन्हा जोडले की अर्धवट लिहिलेले पत्र जागच्या जागी सापडते आणि थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रकार घडतो. अशा वेळी बहुतेक जण इंटरनेटला दोष देतात, राउटर बंद करून चालू करतात, ब्राउझर बदलून पाहतात; एखाद्या दिवशी त्याने फरक पडल्यासारखेही वाटते.

माझा अनुभव असा की, जे तुटणे पुन्हा पुन्हा घडते त्याच्या मुळाशी क्वचितच इंटरनेटचा दोष असतो. डेस्कटॉप आणि ब्राउझर यांच्या मधल्या कोणत्या तरी घटकाने स्वतःपुरती एक मुदत ठरवून ठेवलेली असते आणि ती संपली की तो घटक संपर्क सोडून देतो. या मुदती बहुधा ठरावीक आकड्यांच्या असतात. त्यामुळे संपर्क किती वेळाने तुटतो हे नीट मोजले, तर दोषी घटक कोणता याचा अंदाज सेटिंग उघडण्याआधीच बांधता येतो. सेटिंग बदलून मग काय होते ते पाहण्याच्या घाईत हा सोपा पुरावा हातचा जातो, म्हणून या लेखात मोजणीला पहिले स्थान दिले आहे.

मधली साखळी

खरा डेस्कटॉप दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि तेथून त्याचे चित्र व्हीएनसी किंवा आरडीपी या प्रोटोकॉलने बाहेर पडते. ब्राउझरला मात्र हे प्रोटोकॉल थेट बोलता येत नाहीत, कारण वेबपानाला कच्ची टीसीपी जोडणी, म्हणजे दोन यंत्रांमधली जाळ्यावरची थेट जोडणी, उघडण्याची मुभा नसते. त्यावरचा रूढ उपाय म्हणजे वेबसॉकेट. डिसेंबर २०११ मध्ये आरएफसी ६४५५ या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजाने हा प्रोटोकॉल प्रमाणित झाला आणि पानाला सर्व्हरशी दुतर्फा, उघडी राहणारी जोडणी ठेवता येऊ लागली. नोव्हीएनसी हा प्रकल्प व्हीएनसीचे संदेश जसेच्या तसे वेबसॉकेटमधून ब्राउझरपर्यंत आणतो आणि त्यासाठी सर्व्हरच्या बाजूला वेबसॉकिफाय नावाचा छोटा दुभाषा ठेवतो. अपाची ग्वाकामोलीची रचना निराळी आहे. तेथे ग्वाकडी ही पार्श्वभूमीवर चालणारी सेवा व्हीएनसी, आरडीपी किंवा एसएसएच स्वतः बोलते आणि ब्राउझरला आपल्या स्वतंत्र प्रोटोकॉलमध्ये चित्र पोहोचवते.

या दोन टोकांच्या मधे सहसा एखादा रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे बाहेरच्या विनंत्या घेऊन आतल्या सर्व्हरकडे पोहोचवणारा मधला सर्व्हर असतो, मोठ्या मांडणीत त्या विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटणारा लोड बॅलन्सर असतो, वापरणाऱ्याच्या बाजूला पत्ते बदलून देणारा राउटर असतो आणि सर्वांत शेवटी खुद्द ब्राउझर असतो, जो बॅटरी आणि मेमरी वाचवण्यासाठी मागे पडलेल्या टॅबचा गळा आवळत असतो. जोडणीवर काही हालचाल नसेल तर ती किती वेळ सांभाळायची, याचा प्रत्येकाचा हिशेब वेगळा असतो आणि सर्वांत कमी धीर असलेला घटकच आपल्या जोडणीचे आयुष्य ठरवतो. म्हणूनच एका ठिकाणची मुदत वाढवूनही ‘काहीच फरक पडला नाही’ असे पुष्कळदा ऐकू येते.

काय मोजावे

मोजताना एक चूक हमखास होते. लोक शेवटची कळ दाबल्यापासून वेळ धरतात, पण मोजायचे असते ते पडद्यावर शेवटचा बदल झाल्यापासून. व्हीएनसीमध्ये ब्राउझर ताज्या चित्राची मागणी करून ठेवतो आणि पडद्यावर काही बदलले तरच सर्व्हर उत्तर पाठवतो. काहीच बदलले नाही तर दोन्ही बाजू गप्प असतात आणि मधल्या घटकांच्या दृष्टीने जोडणी निपचित पडलेली असते.

याचा धडा मला एका विचित्र प्रसंगातून मिळाला. एकाच सर्व्हरवर दोघे जण काम करत होते. एकाचा डेस्कटॉप दिवसभर टिकत असे, तर दुसऱ्याचा दर दोन-तीन मिनिटांनी तुटत असे. जाळे तेच, ब्राउझर तोच, खात्यांची सेटिंगेही सारखीच होती. शेवटी लक्षात आले की पहिल्याच्या पडद्यावर मजकूर लिहिण्याची खिडकी सदैव उघडी असे आणि तिच्यातला कर्सर लुकलुकत असे, तर दुसरा लांबलचक दस्तऐवज नुसते वाचत बसे. लुकलुकणारा कर्सर प्रत्येक वेळी चित्राचा एक लहानसा तुकडा पाठवत होता आणि तेवढ्यावर जोडणी जिवंत राहत होती. त्यानंतर कोणत्याही तक्रारीत मी पहिला प्रश्न हाच विचारतो की पडद्यावर काही हलत होते का. पट्टीवरच्या घड्याळात सेकंद दिसत असतील, तर ते घड्याळही चाचणीपुरते बंद करावे. नाहीतर मोजणी फसते.

दुसरा पुरावा ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये मिळतो. तेथील नेटवर्क विभागात वेबसॉकेटची नोंद शोधावी. जोडणी नीट उभी राहिली असेल तर तिच्यापुढे १०१ हा संकेतांक दिसतो, आणि नोंद उघडली की संदेशांची यादी वेळेसह पाहता येते. शेवटचा संदेश आणि तुटण्याचा क्षण यांतले अंतर लिहून घ्यावे. असे तीन-चार वेळा करावे. तुटण्याचा संकेतांक १००६ असेल, तर निरोपाचा संदेश न देता जोडणी मधेच नाहीशी झाली एवढाच त्याचा अर्थ आहे. हा आकडा जाळ्यावरून येत नाही, ब्राउझर तो स्वतः लावतो. तेव्हा त्यावरून दोषी कोण हे ठरवू नये. १००० किंवा १००१ दिसला, तर मात्र दोहोंपैकी एका बाजूने रीतसर निरोप घेतलेला असतो आणि शोध मधल्या घटकांपेक्षा दोन टोकांकडे वळवावा.

अंतर बरोबर ६० सेकंदांचे असेल तर

सर्वाधिक वेळा सापडणारे अंतर हेच आहे आणि त्याचे कारण जवळजवळ नेहमी रिव्हर्स प्रॉक्सीमध्ये मिळते. एनजिनएक्स या प्रॉक्सी म्हणून सर्रास वापरल्या जाणाऱ्या वेब सर्व्हरमध्ये ‘प्रॉक्सी रीड टाइमआउट’ या सेटिंगचे मूळ मूल्य ६० सेकंद असते. ही मुदत संपूर्ण सत्राची नसून मागच्या सर्व्हरकडून आलेल्या दोन लागोपाठच्या वाचनांमधली असते, म्हणजे सर्व्हर सलग ६० सेकंद गप्प राहिला की प्रॉक्सी जोडणी बंद करतो. अपाची या वेब सर्व्हरच्या २.४ आवृत्तीतही मूळ टाइमआउट ६० सेकंदांचाच असतो आणि ॲमेझॉनच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरची निष्क्रियतेची मुदतही मुळात तितकीच असते. त्यामुळे ६० हा आकडा दिसला तर प्रॉक्सी आणि लोड बॅलन्सर दोन्ही तपासावेत. एक सुधारला आणि दुसरा विसरला, तर लक्षण तसूभरही बदलत नाही.

यावर दोन उपाय आहेत आणि त्यांतला दुसरा मला अधिक पसंत आहे. पहिला उपाय मुदत वाढवण्याचा, म्हणजे उदाहरणार्थ वाचनाचा आणि पाठवण्याचा असे दोन्ही टाइमआउट ३६०० सेकंदांवर नेण्याचा. हा उपाय चालतो, पण तो साखळीतल्या एकाच कडीपुरता असतो आणि खरोखर मेलेल्या जोडण्याही प्रॉक्सीला तासभर सांभाळत बसाव्या लागतात. दुसरा उपाय जोडणी गप्प राहूच न देण्याचा आहे. वेबसॉकेटमध्ये पिंग आणि पाँग या नावाच्या नियंत्रण चौकटी याचसाठी दिलेल्या आहेत. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला पिंग पाठवता येत नाही, पण सर्व्हरने पिंग पाठवला तर ब्राउझर पानाला न विचारता आपणहून पाँगचे उत्तर देतो. वेबसॉकिफायला सुरू करतानाच ‘हार्टबीट’ हा पर्याय देता येतो. तेथे ३० हा आकडा दिला की दर ३० सेकंदांनी पिंग जातो आणि ६० सेकंदांची मुदत कधी भरतच नाही. शिवाय हा पिंग साखळीतल्या प्रत्येक कडीतून जातो, त्यामुळे पुढे राउटरच्या मुदतीचा जो प्रश्न येतो तोही परस्पर सुटतो.

येथेच एक शेजारचा दोष सांगून ठेवतो, कारण तो पुष्कळदा याच दोषाच्या वेशात येतो. साधी एचटीटीपी जोडणी वेबसॉकेटमध्ये बदलण्याची विनंती ‘अपग्रेड’ आणि ‘कनेक्शन’ या दोन हेडरांतून, म्हणजे विनंतीसोबतच्या माहितीच्या ओळींतून, जाते, आणि ही हेडरे एकाच टप्प्यापुरती मानली जात असल्याने प्रॉक्सी ती पुढे पाठवत नाही. कॉन्फिगरेशनमध्ये ती स्पष्टपणे लिहावी लागतात आणि मागच्या सर्व्हरशी एचटीटीपीची १.१ ही आवृत्ती वापरायला सांगावे लागते. हे राहून गेले असेल तर नोव्हीएनसी जोडलेच जात नाही, म्हणून चूक लगेच कळते. ग्वाकामोली मात्र वेबसॉकेट मिळाले नाही की निमूटपणे साध्या एचटीटीपीवर उतरते आणि काम चालू ठेवते. मग डेस्कटॉप चालतो, पण माउस मागून येतो, टंकलेली अक्षरे झुंडीने उमटतात, आणि लोक सर्व्हरची मेमरी वाढवत बसतात. डेव्हलपर टूल्समध्ये १०१ ही नोंद सापडतच नसेल, तर आधी हे तपासावे. ग्वाकामोलीच्या पुढे एनजिनएक्स असेल तर प्रॉक्सीचे बफरिंगही बंद करावे, कारण चित्राचे तुकडे साठवून एकदम पुढे ढकलण्यानेही असाच अडखळलेला अनुभव येतो.

काही मिनिटांनी, आणि तेही न सांगता

संपर्क चार-पाच मिनिटांच्या शांततेनंतर तुटत असेल, तर तुटण्याची रीत पाहावी. प्रॉक्सीने जोडणी बंद केली तर ब्राउझरला ते तत्काळ कळते आणि पाटी झळकते. येथे तसे होत नाही. पडदा जिवंत दिसतो, चित्र जागच्या जागी असते, आणि आपण कळ दाबतो किंवा क्लिक करतो तेव्हा कुठे काहीच हलत नसल्याचे लक्षात येते. पाटी त्यानंतर उशिरा येते. हे लक्षण दिसले की संशय पत्ते बदलून देणाऱ्या राउटरावर, फायरवॉलवर किंवा त्याच जातीच्या लोड बॅलन्सरवर घ्यावा. ही उपकरणे चालू जोडण्यांची एक यादी बाळगतात आणि निपचित जोडणीची नोंद खोडून टाकतात. दोन्ही टोकांना त्याची वर्दी देण्याची तसदी ती बहुधा घेत नाहीत.

आरएफसी ५३८२ च्या अपेक्षेप्रमाणे उभ्या असलेल्या टीसीपी जोडणीची नोंद किमान २ तास ४ मिनिटे ठेवायला हवी. प्रत्यक्षात मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युर या क्लाउड सेवेतल्या लोड बॅलन्सरची मूळ मुदत ४ मिनिटे आणि ॲमेझॉनच्या नॅट गेटवेची, म्हणजे पत्ते बदलून देणाऱ्या सेवेची, ३५० सेकंद आहे. उलट बाजूला लिनक्समधली टीसीपी कीपअलाइव्हची, म्हणजे समोरचे टोक जिवंत आहे का या आपोआप होणाऱ्या विचारणेची, मूळ मुदत ७२०० सेकंद, म्हणजे २ तास असते. तेव्हा सर्व्हरवर कीपअलाइव्ह चालू केले आहे म्हणून निश्चिंत राहण्यात अर्थ नाही; पहिली विचारणा होण्याच्या कितीतरी आधी मधली नोंद खोडली गेलेली असते. ही मुदत सर्व्हरवर खाली आणता येते, पण वर सांगितलेले हार्टबीट बसवले असेल तर त्याची गरज सहसा उरत नाही.

टॅब मागे गेल्यावरच तुटत असेल तर

समोर ठेवलेला डेस्कटॉप टिकतो आणि दुसऱ्या टॅबमध्ये जाऊन परत आल्यावर तुटलेला सापडतो, अशी तक्रार अलीकडच्या वर्षांत फार वाढली आहे. त्याचे कारण ब्राउझरांच्या काटकसरीत आहे. दडलेल्या टॅबमधले टायमर सेकंदाला एकदाच चालवण्याची पद्धत जुनी आहे. जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या क्रोमच्या ८८ व्या आवृत्तीपासून ५ मिनिटांहून अधिक काळ दडलेल्या पानाचे, एकाने पुढचा लावावा अशा क्रमाने चालणारे टायमर मिनिटाला एकदाच जागे होतात. आवाज वाजत असलेले पान आणि वेबआरटीसी हे थेट आवाज-चित्राचे तंत्र वापरणारे पान यांना त्यातून सूट आहे, पण साध्या वेबसॉकेटवरच्या डेस्कटॉपला ती मिळत नाही.

आता यात पंधरा सेकंदांचा एक नियम मिसळा. ग्वाकडी ब्राउझरला ठरावीक काळाने जुळणीचा संदेश पाठवते आणि त्याची पोच सुमारे १५ सेकंदांत आली नाही तर वापरकर्ता प्रतिसाद देत नाही अशा अर्थाची ओळ लॉगमध्ये लिहून जोडणी तोडते. पानाचा श्वासच मिनिटाला एकदा चालत असेल तर पोच वेळेवर जाण्याची हमी उरत नाही. ग्वाकडीच्या लॉगमध्ये ही ओळ दिसली आणि तिची वेळ टॅब मागे गेल्याच्या वेळेशी जुळली, तर प्रॉक्सीमागे लागू नये. पिंगच्या उत्तराला हा अडसर येत नाही, कारण पाँग पानाच्या जावास्क्रिप्टमधून जात नाही. म्हणून नोव्हीएनसी अशा स्थितीत बरेचदा तग धरते आणि ग्वाकामोली धरत नाही, असे उलटे वाटणारे दृश्य दिसते.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे डेस्कटॉप स्वतंत्र खिडकीत ठेवणे, पण त्यात एक गोम आहे. दुसऱ्या खिडकीने पूर्ण झाकलेली खिडकीही क्रोम दडलेली धरू शकतो, त्यामुळे तिची निदान एक कड उघडी राहील अशी मांडणी करावी. जेथे ब्राउझरची धोरणे मध्यवर्ती ठिकाणाहून ठरतात, तेथे ही काटकसर धोरणाने शिथिल करता येते का, हे प्रशासकाने पाहावे.

परत आल्यावर तुटल्याची पाटी न दिसता पान नव्याने लोड होत असेल, तर प्रकार वेगळा आहे. तेथे मेमरी वाचवण्यासाठी ब्राउझरने तो टॅब मेमरीतून काढूनच टाकलेला असतो. क्रोमच्या सेटिंगमध्ये कामगिरीच्या विभागात कायम सक्रिय ठेवायच्या संकेतस्थळांची यादी असते. डेस्कटॉपचा पत्ता त्या यादीत घातला की प्रश्न मिटतो.

डेस्कटॉप राहतो, पण ॲप्लिकेशन बंद पडते

हा दोष जोडणीचा नाही, तरी तक्रारीत तो ‘पुन्हा तुटले’ असाच नोंदवला जातो. डेस्कटॉप डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या एका बंदिस्त कप्प्यात, चालत असेल आणि त्यात उघडलेला ब्राउझर जड पानांवर वारंवार कोसळत असेल, तर सामायिक मेमरीची जागा तपासावी. डॉकर प्रत्येक कंटेनरला त्यासाठी मुळात फक्त ६४ एमबी देतो. क्रोमियम या क्रोमच्या मुळाशी असलेल्या ब्राउझरच्या वेगवेगळ्या प्रक्रिया याच जागेतून एकमेकींना चित्रे आणि माहिती देतात, त्यामुळे ती भरली की टॅब कोसळतो. सर्व्हरवर कितीही मेमरी मोकळी असली तरी याने फरक पडत नाही आणि म्हणूनच हा दोष लोकांना चक्रावून टाकतो. कंटेनर सुरू करताना सामायिक मेमरीचा आकार ५१२ एमबी किंवा १ जीबी दिला की कोसळणे थांबते. संपूर्ण कंटेनरच नाहीसा होत असेल आणि त्याचा शेवटचा संकेतांक १३७ असेल, तर प्रक्रियेला सक्तीने मारण्यात आलेले आहे. बहुधा मेमरीची मर्यादा ओलांडली गेलेली असते आणि ती मर्यादा वाढवणे किंवा उघडी ॲप्लिकेशने कमी करणे एवढेच हाती उरते.

आणखी एक कारण सांगायला संकोच वाटतो इतके साधे आहे. डेस्कटॉपमधल्या ब्राउझरचा टॅब बंद करण्यासाठी वापरकर्ता सवयीने कंट्रोल आणि डब्ल्यू दाबतो आणि त्याच्या स्वतःच्या ब्राउझरचा, म्हणजे संपूर्ण डेस्कटॉपचा, टॅब बंद होतो. हे ‘आपोआप बंद होते’ म्हणून सांगितले जाते आणि आपण लॉग चाळत बसतो. क्रोमच्या जातीच्या ब्राउझरांत पूर्ण पडद्यावर असताना अशा कळा पानाकडे वळवण्याची सोय आहे, पण ती पानाने मागावी लागते आणि सर्व ब्राउझरांत ती नाही. मोजणीत काहीच नियमितता सापडली नाही, तर वापरकर्त्याच्या शेजारी पाच मिनिटे बसून पाहावे.

पाटीऐवजी लॉगिनचेच पान समोर आले, तर जोडणी सोडून लॉगिनच्या मुदतीकडे पाहावे. ग्वाकामोलीत ही निष्क्रियतेची मुदत मुळात ६० मिनिटांची असते आणि ती कॉन्फिगरेशनमध्ये बदलता येते.

दुरुस्तीनंतरची चाचणी

बदल केल्यावर डेस्कटॉपवर काहीही न हलणारा दस्तऐवज उघडावा, सेकंदाचे घड्याळ बंद ठेवावे आणि टॅब समोर ठेवून १० मिनिटे हात लावू नये. त्यानंतर हीच चाचणी टॅब मागे ठेवून २० मिनिटे करावी. दोन्ही वेळी कळ दाबताच अक्षर उमटले पाहिजे. नुसता पडदा दिसतो म्हणून जोडणी जिवंत समजू नये.

तिसरी चाचणी लॅपटॉपचे झाकण मिटून अर्ध्या तासाने उघडण्याची आहे, आणि तिच्यात जोडणी तुटणारच, कारण झोपलेले यंत्र पिंगला उत्तर देऊ शकत नाही. तेथे तपासायचे ते असे की पुन्हा जोडल्यावर तोच डेस्कटॉप त्याच उघड्या खिडक्यांसह मिळतो का. नोव्हीएनसीच्या सेटिंगमध्ये आपोआप पुन्हा जोडण्याचा पर्याय असून त्याचा विलंब मुळात ५००० मिलिसेकंद असतो. तो चालू करून ठेवावा. आरडीपीच्या सर्व्हरवर तुटलेले सत्र किती वेळ राखायचे याचे एक धोरण असते. तेथे फार लहान मुदत भरलेली असेल तर परत आल्यावर कोरा डेस्कटॉप मिळतो आणि न जतन केलेले काम जाते. कंटेनरवर आधारलेल्या काही मांडणींत तर ब्राउझर सुटताच कंटेनर पुसून टाकला जातो. तशी रचना असेल तर वापरकर्त्याची होम डिरेक्टरी बाहेरच्या, टिकणाऱ्या साठवणीवर ठेवलेली आहे ना, हे त्याच दिवशी पाहून घ्यावे.